जळण्याचा दुसरा अर्थ

रूथचं अक्षर चांगलं होतं, हे मी आज पहिल्यांदाच कबूल करते आहे, तेही लेखी. ती असती तर केलं नसतं. टपोरं, मोकळं अक्षर, आणि शिरोरेघ अशी सरळ की सुताराने दोरी धरून मारावी. माझं अक्षर म्हणजे ओल्या मातीतून कोंबडी पळाल्यासारखं. आमच्या शाळेत दर शनिवारी फळ्यावर वचन लिहायचा मान तिचा होता आणि दर शनिवारी ती खडू हातात घेऊन उभी राहिली की मला खोकला यायचा. पंधरा वर्षांची घोडी मी, पण रविवारी खोकला नाही, सोमवारी नाही, बरोबर शनिवारीच.

शाळा जालन्याची, लुथरन मिशनच्या मडमांची. तेव्हा निजामाचं राज्य होतं, सरकारी शाळेत सगळं उर्दूतून चाले आणि मुलींना मराठीतून शिकवणारी आमच्या माहितीत ही एकच शाळा. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, केदारखेड्याचे शेतकरी. मिशनच्या दवाखान्यात त्यांचा कुजायला लागलेला पाय वाचला, तेव्हापासून मडमा सांगतील ते त्यांना बिलकुल मान्य. "पोरगी हुशार हाय, चार बुकं शिकू द्या," म्हणून त्यांनी मला उचलून जालन्याला कादराबादेत आत्याबाईंकडे आणून ठेवलं. आत्याबाईंना हे पसंत नव्हतं, पण भावाला नाही म्हणायची त्यांची रीत नव्हती. त्यांनी दुसरी रीत काढली. मी शाळेतून आले की त्या मागच्या दाराशी तांब्या घेऊन उभ्या. शाळेचं लुगडं पडवीतल्या खुंटीवर, हातपाय धुवायचे, घरचं नेसायचं, मगच उंबऱ्याच्या आत. "त्या मडमीचा वारा घरात नको," म्हणायच्या. आत पाऊल टाकलं की येसराच्या आमटीचा वास यायचा, तव्यावर भाकरी फुगलेली असायची, अंबाडीच्या भाजीवर करडईच्या तेलाची फोडणी चरचरायची. तेवढ्यात कापसाच्या जिनाचा भोंगा व्हायचा, आणि तो थांबतो न थांबतो तोच मिशनची घंटा. आत्याबाई घंटा ऐकली की फोडणीत मिरची जास्त टाकायच्या, असा माझा समज होता. आजही तो बदललेला नाही.

शाळेत मला काही खायची-प्यायची परवानगी नव्हती. घरून फिरकीच्या तांब्यात पाणी न्यायचं आणि तेच प्यायचं. बोर्डिंगच्या मुली दुपारी लांब पंगतीत बसून खिचडी खायच्या, एकमेकींच्या ताटातलं लोणचं पळवायच्या, आणि मी चिंचेखाली एकटी बसून माझ्या तांब्याची फिरकी फिरवायची. मला त्या खिचडीचा हेवा वाटायचा. त्यांच्या भांडणांचासुद्धा वाटायचा. आणि सगळ्यात जास्त रूथचा, कारण पंगतीत तिच्या शेजारी बसायला लहान मुली धक्काबुक्की करायच्या.

रूथची आई मिशनच्या दवाखान्यात दाई होती. तिचे आजोबा मूळचे आमच्याच केदारखेड्याचे. गावाच्या कोणत्या अंगाला राहणारे, ते जुन्या वाचकाला सांगायला नको. आमच्या विहिरीवर त्यांना येता येत नव्हतं, एवढं लिहिते. दादांच्या वाड्यात जिचे आजोबा अंगणापलीकडे उभे राहायचे, तिची मी फळ्याजवळची जागा मागत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात येत नसे. लक्षात येई ते एवढंच, की ती माझ्यापुढे आहे. वर गाण्यातही तीच. लुथरन लोकांना गाण्याचं वेड. एकाच गाण्यात चौघींनी चार वेगळे सूर धरायचे आणि तरी ते जमायचं. रूथ दुसरा सूर धरायची तो शेवटपर्यंत सोडत नसे. मी तिसरा धरायची आणि दोन ओळींत घसरून सगळ्यांच्या ओळखीच्या चालीवर यायची. पेटी वाजवणाऱ्या मोठ्या मडम मान वर करून बघायच्या. रागावायच्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं.

सभागृहाच्या भिंतीवर एक मोठा नकाशा होता. शाळा सोडून गेलेली मुलगी जिथं असेल तिथं टाचणी, आणि जालन्यापासून त्या टाचणीपर्यंत रंगीत दोरा. नर्स झालेलीला तांबडा, मास्तरीण झालेलीला हिरवा. एक तांबडा दोरा पार मद्रासकडे गेलेला, एक हिरवा नागपूरला. शहागडला गोदावरीकाठी छोटी शाळा चालवणाऱ्या एका बाईंचा हिरवा दोरा बोटभरच, पण तोही होता. लग्न होऊन नुसत्या घरी बसलेलीला टाचणी मिळायची, दोरा नाही. रविवारी या जुन्या मुलींची पत्रं मोठ्याने वाचून दाखवत. कुणी ऑपरेशन बघून चक्कर येऊन पडलेली, कुणाच्या शाळेत बैल शिरलेला. ऐकता ऐकता मी नकाशावर माझा दोरा ओढायची. लांब. रूथच्यापेक्षा लांब.

मग एक दिवस मोठ्या मडमांनी सांगितलं, की तेलंगी मुलखात मिशनचं कॉलेज आहे, तिथं आपल्या शाळेतून एकीला पाठवायचं आहे. जात-धर्म बघायचा नाही, जी परीक्षेत पहिली येईल ती. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं मिशनचं. शाळेला जागा एकच. मला इथं एक गोष्ट सांगायला हवी: मंठ्याचं एक स्थळ माझ्यासाठी चालून आलं होतं. घर चांगलं, शेती बराबर, नवरा मुलगा मॅट्रिकला दोनदा बसलेला. दादांनी त्यांना थांबवून धरलं होतं. मला म्हणाले, "चंपे, ती परीक्षा पास झाली तर मी मंठ्याला न्हाई कळवतो. न्हाई झाली तर मंग मला तोंड न्हाई." म्हणजे माझ्यापुढे एका बाजूला कॉलेज होतं, एका बाजूला मंठा, आणि मध्ये रूथ.

परीक्षेला आठ दिवस राहिले असताना रांधायचा वर्ग होता. मी खात नसले तरी वाटायला-कुटायला मला बसवत. मी पाट्यावर लाल मिरचीची चटणी वाटत होते, रूथ चुलीवर पिठलं हलवत होती. त्याच सकाळी मडमांनी मद्रासच्या जुन्या मुलीला शाळेतर्फे पत्र लिहायचं काम रूथला दिलं होतं. मी वरवंटा असा आपटत होते की पाटा सरकायला लागला. शांता नावाची एक चोमडी मुलगी माझ्याकडे बघत होती. मोठ्या मडम दारातून आत आल्या आणि ती ओरडली, "मडम, मडम, चंपा बघा कशी जळून राह्यली!"

आता मोठ्या मडम मराठी शिकल्या होत्या पुस्तकातून. पुस्तक बहुधा शंभर वर्षांचं जुनं असावं. त्यांनी "जळून राह्यली" ऐकलं, चूल पाहिली, मला पाहिलं, आणि दारातली घागर उचलून सगळीच्या सगळी माझ्या डोक्यावर ओतली. मी ओली चिंब. मडम गुडघ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मुली, कोणते अंग दग्ध झाले? दाखव."

तेव्हा मी हसून टाकलं असतं तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं. पण मिरचीनं माझा उजवा तळहात लालबुंद झाला होता आणि खरोखर चुरचुरत होता. मडमांनी तो हातात घेतला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी मान वळवून रूथला विचारलं, "रूथ, तू चुलीपाशी होतीस ना? तू सावध का राहिली नाहीस?" आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर कुणी रूथला रागावत होतं. ते इतकं गोड लागलं की मी तोंड उघडलं नाही. रूथनं माझ्याकडे पाहिलं. मी पाट्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझं चुकलं, मडम."

चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल घोटून मडमांनी हातावर थापलं, वर नारळाएवढी पट्टी बांधली आणि बजावलं, की त्या खेड्यांच्या फेरीवर जाऊन येईपर्यंत कुणीही ती सोडायची नाही. परत आल्यावर त्या स्वतः बघणार. म्हणजे परीक्षेच्या दिवशी.

घरी आत्याबाईंनी हाय खाल्ली. उजवा हात बांधलेला, आणि डाव्या हातानं जेवायचं हे त्यांच्या घरात शक्यच नव्हतं. म्हणून त्या मला भरवायला लागल्या. पंधरा वर्षांची मी पाटावर बसलेली, आणि आत्याबाई भाकरी आमटीत कुस्करून घास करून तोंडाशी धरताहेत. तांब्याचं पाणी, खुंटीवरचं लुगडं, सगळं विसरल्या. "खा गं माझी बाई, मडमीनं हात लावला म्हनून का मी लेकराला उपाशी ठेवू?" दुसऱ्या दिवशी त्यांनी घास भरवता भरवता पट्टीला नाक लावलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. "चंपे, भाजल्याला वास ऱ्हातो," म्हणाल्या. मी घास चावत राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "मी सोडत न्हाई पट्टी. तुझी तू सोडशील तवा सोड." आणि पुढचे सहा दिवस त्यांनी मला भरवलं. घास मात्र दर दिवशी थोडे मोठे व्हायला लागले. माझ्या तोंडात मावत नव्हते.

पट्टी सोडणं सोपं होतं, पण मग मडम डाग शोधणार. आठ दिवसांत भाजल्याचा डाग जात नाही, हे मला ठाऊक होतं. परीक्षेच्या सकाळी मडम फेरीहून परतल्या. मी हात छातीशी धरून म्हणाले, "अजून दुखतं, मडम." त्यांनी हात लावला नाही, विचार केला आणि निवाडा दिला. पेपर दोन वेळांत होईल. रूथनं आपला पेपर सकाळी लिहून द्यावा. दुपारी चंपावती तोंडानं उत्तरं सांगेल आणि रूथ ती लिहील. "रूथच्या असावधपणाने हात गेला, तेव्हा रूथने आपला हात द्यावा." बायबलात शोभेल असा न्याय. दोघी एकाच जागेसाठी बसलेल्या, आणि माझी उत्तरं तिच्या हातात.

प्रार्थनेच्या खोलीशेजारच्या लहान खोलीत आम्ही समोरासमोर बसलो. दार उघडं, दाराशी मडम विणकाम घेऊन. सात प्रश्न. मी सांगत होते, रूथ लिहीत होती. अक्षरं मला उलटी दिसत होती, तरी सुंदर दिसत होती. मी मुद्दाम भरभर सांगायची, म्हणजे तिची शिरोरेघ वाकडी होईल. होत नव्हती. एकदा तिनं फक्त एवढंच विचारलं, "हळू सांगतीस का?" मी म्हणाले, "तुला जमत नसंल तर तसं मडमला सांग." ती परत लिहायला लागली.

महिन्याभरानं निकाल आला, तोवर मी पट्टी घरीच सोडून टाकली होती. मी पहिली, रूथ दुसरी. मडमांनी सगळ्यांसमोर सांगितलं की अक्षराचे गुण सोडून मोजलं तरी चंपावतीच पहिली. सगळ्यांना वाचता यावा म्हणून माझा पेपर नकाशाच्या शेजारी लावला. दादांना निरोप गेला. ते तुरीच्या शेंगांचं पोतं घेऊन आले, मला म्हणाले, "शाबास," आणि तसेच मंठ्याला नकार कळवायला निघाले. मला वाटलं, आता कशाचाच हेवा उरला नाही. दोन दिवस मी जमिनीवर चालत नव्हते. तिसऱ्या दिवशी सभागृहात गेले तर लहान मुलींचा घोळका माझ्या पेपरापुढे. एकीनं दुसरीला विचारलं, "कुणाचा गं हा?" आणि दुसरी म्हणाली, "रूथताईचा. बघ की, अक्षर तिचंच न्हाई का?"

माझ्याच पेपरावर मी जळायला लागले. असा प्रकार जगात दुसऱ्या कुणाचा झाला असेल असं मला वाटत नाही. मी तशीच मडमांच्या खोलीत गेले. त्या पेटीचा भाता दुरुस्त करत होत्या.

"मडम, मला पेपर पुन्हा लिहू द्या. माझ्या हातानं."

"का? निकाल लागला आहे."

"तरी. सगळ्या म्हणून राह्यल्या, रूथचा पेपर. मला माझ्या हातानं लिहायचाय."

"पण त्या दिवशी तुझा हात दग्ध झालेला होता."

"कुठं झाल्ता!" मी फणकाऱ्यानं म्हणाले.

बोलून गेले, आणि मग ऐकलं काय बोलले ते. मडमांनी भाता खाली ठेवला. रागावल्या नाहीत. त्यांना खरंच समजत नव्हतं. "मग शांता 'जळून राह्यली' असे का म्हणाली?"

आता याला काय सांगणार! मी म्हणाले, "मडम, आमच्यात असं म्हणत्यात. दुसरीचं चांगलं बघवत न्हाई, पोटात आग होते, तिला जळणं म्हणत्यात."

मडमांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली. शब्दांची वही होती ती. पानं उलटून त्यांनी 'जळणे' शोधला, त्याच्यापुढे काहीतरी लिहिलं, आणि वर न बघता, वर्गात विचारायच्या तसंच विचारलं, "वाक्यात उपयोग करून सांग."

पेन्सिल तशीच थांबलेली.

"चंपा," मी म्हणाले, "रूथवर जळते."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग वही मिटून खणात ठेवली. म्हणाल्या, "त्या दिवशी रूथने माझी क्षमा मागितली. न केलेल्या गोष्टीची. आणि मी ती दिली." त्यांचा आवाज बारीक झाला होता. मला फटका बसला असता तर सोसला असता, पण मडमांचा तो आवाज मला आजही सोसत नाही. कॉलेजची जागा रूथला मिळाली. मी पेपर खरेपणानं दिला नव्हता, तेव्हा तो पेपरच नव्हता, एवढं त्यांनी दादांना सांगितलं, आणि दादा जे मंठ्याला नकार द्यायला गेले होते ते महिन्याभरानं पागोटं हातात घेऊन पुन्हा मंठ्याला गेले.

रूथ निघाली त्या दिवशी आत्याबाईंनी सकाळी उठून धपाटे लाटले, वर ठेचा घातला, फडक्यात बांधले आणि माझ्या हातात दिले. "त्या पोरीला गाडीत खायाला. लबाडी तू केली, तर तूच नेऊन दे." मिशनच्या पोरीसाठी त्यांच्या चुलीवर झालेलं ते पहिलं आणि शेवटचं रांधणं. मी स्टेशनवर गेले. बोर्डिंगच्या सगळ्या मुली तिथं चार सुरांत गात होत्या. मी गाणं संपायची वाट पाहिली आणि जनानी डब्याच्या खिडकीशी जाऊन गाठोडं पुढे केलं. रूथनं ते हुंगलं. "ठेचा हाय?" म्हणाली. मी म्हणाले, "हाय." इंजिनानं शिट्टी दिली. मला काहीतरी बोलायचं होतं, माफीचं.

तेवढ्यात रूथच वाकली आणि म्हणाली, "चंपे, एक सांगू? तुझ्या पेपरातली दोन उत्तरं मी नीट केल्ती."

"काय?"

"चुकल्ती तुझी. चुकीचं लिहायला माझा हात वळत न्हाई, त्याला मी काय करू?"

"कोन्ची? कोन्ची दोन?"

गाडी हलली. मी डब्याबरोबर पळत होते, लुगड्याचा काठ हातात धरून. "रूथे, कोन्ची दोन, ते सांग आधी!" ती खिडकीतून माझ्याकडे बघत होती आणि हसत होती. तसं हसताना मी तिला शाळेत कधी पाहिलं नव्हतं. सांगितलं नाही तिनं.

मी मंठ्याला नांदायला गेले. नवरा चांगला निघाला. तिसऱ्यांदा मॅट्रिकला बसला आणि पास झाला, माझ्याकडून गणित शिकून. ओसरीवर मी मुलींना बाराखडी शिकवायला लागले, ती तीस-बत्तीस वर्षं शिकवत राहिले. रूथ त्याच कॉलेजात पुढं शिकवायला लागली. आमचा पत्रव्यवहार कधी तुटला नाही. तिकडची भाषा, तिकडची भुईमुगाची चटणी, तिच्या विद्यार्थिनी, माझी बाळंतपणं, माझी सून, तिचे गुडघे, सगळं त्या पत्रांत आहे. प्रत्येक पत्राच्या शेवटी मी विचारायची, कोणती दोन? प्रत्येक पत्रात ती बाकी सगळ्याची उत्तरं द्यायची. माझी नात म्हणते, आजी, तिनं तुझ्यावर उपकारच केले ना, चांगली होती बिचारी. मी तिला गप्प बसवते. चांगुलपणा म्हटला तर मला जेवण जात नाही. सूड म्हटलं तर निदान आमची बरोबरी होते.

ती गेली त्याला आता काही वर्षं झाली. मरायच्या आधीच्या पत्रातसुद्धा तिनं ते लिहिलं नाही. अक्षर तेवढं तसंच होतं, हात कापत असूनही. ते सात प्रश्न मला अजून पाठ आहेत. दुपारी डोळा लागत नाही तेव्हा मी पलंगावर पडून ते एकेक सोडवते, तेव्हा जसे सांगितले होते तसेच, शब्द न बदलता. पहिल्यापासून सातव्यापर्यंत. मला ती सातही उत्तरं बरोबर वाटतात.